माळढोक पाहिला नाही, मग काढू की नको? (अकरा वह्या आणि एक कोरं पान)

गवताळ

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहितेय.

जानेवारी २०१९ मध्ये गड्ड्याच्या यात्रेत जनावरांच्या बाजारात गेले होते. तिथं एक खिलार खोंड इतकं देखणं उभं होतं की पर्समधलं बिल काढलं आणि त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर पाच मिनिटांत त्याला उतरवलं. त्याच रात्री ठरवलं, आपल्या सोलापूर जिल्ह्यात जेवढी म्हणून जनावरं, पाखरं, सरडे, साप आहेत, ती सगळी काढायची. आठवड्याला एक. नियम एकच: स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय तेच काढायचं. फोटोवरून नाही.

आज अकरा वह्या झाल्यात, २१४ चित्रं. पंढरपुरी म्हशीची शिंगं एका पानात मावेनात म्हणून दोन पानं जोडली. उजनीच्या पाण्यातले रोहित (फ्लेमिंगो), नान्नजची काळवीटं, शेपटीचं टोक काळं असलेलं खोकड, चार पावलं पळून थबकणारा धाविक पक्षी, सगळं आहे. २०२० च्या टाळेबंदीत गच्चीवरच्या साळुंक्या आणि भिंतीवरच्या पालींनी वही भरली. २०२२ मध्ये लम्पीमुळे बाजार बंद झाले, तेव्हा गल्लीतल्या शेळ्या काढल्या. म्हणजे खंड पडले, पण काम थांबलं नव्हतं.

बाराव्या वहीचं पहिलं पान माळढोकासाठी ठेवलं. गेल्या नोव्हेंबरपासून ते कोरं आहे. नऊ वेळा नान्नजला जाऊन आले. दिसला नाही. आणि ते पान कोरं म्हणून पुढचंही पान उघडवत नाही. आठ महिने पेन्सिल हातात नाही. मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघते, संध्याकाळी घरी आले की ती वही दिसते आणि जीव कसनुसा होतो.

फोटोवरून काढू का? की सोडून पुढं जाऊ? आणि ज्यांनी एखादं काम वर्षानुवर्षं लावून धरलंय, त्यांनी सांगा, मध्येच बंद पडलं तर परत कसं धरता?

कडक_भाकरी

फोटोवरून काढा आणि पुढं व्हा की ओ ताई! २१४ काढलेल्या माणसानं एका पाखरापायी थांबायचं?

विजापूरवेस

माझं मत उलटं. नियम तुम्हीच घातलाय आणि त्या नियमामुळंच त्या वह्यांना किंमत आहे. आज माळढोकासाठी मोडला, उद्या लांडग्यासाठी मोडाल, परवा तरसासाठी. पान कोरं ठेवा. त्यावर तारीख आणि 'दिसला नाही' एवढं लिहा. तीही नोंदच आहे.

नान्नजचं अभयारण्य १९७९ साली झालं ते माळढोकासाठी. कागदावर तेव्हा त्याचं क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होतं, नंतर कमी करून १,२२२ वर आणलं. सगळ्या देशात आता दीडशेच्या आत पाखरं उरलीत आणि ती बहुतेक जैसलमेरकडं. आपल्याकडं अधूनमधून एखादी मादी दिसल्याची बातमी येते, तेवढंच. तुम्हाला दिसला नाही यात तुमची काही चूक नाही.

पेन्सिल_२बी

मी चित्रकला शिकवतो, सव्वीस वर्षं झाली. थोडं सविस्तर लिहितो.

१५१५ साली जर्मनीतल्या आल्ब्रेख्त ड्यूररनं गेंड्याचं लाकडी ठशाचं चित्र केलं. त्यानं गेंडा जन्मात पाहिला नव्हता. तो गेंडा आपल्याकडचा, गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगीजांना भेट गेलेला. गोव्याहून जहाजानं लिस्बनला पोचला. तिथून कोणीतरी वर्णन आणि एक कच्चं रेखाटन पाठवलं, त्यावरून ड्यूररनं काढला. पुढची दोन-अडीचशे वर्षं युरोपात गेंडा म्हणजे हेच चित्र.

आता दुसरी बाजू. जहांगीराच्या दरबारातला उस्ताद मन्सूर. समोर आलेलं जनावर तो असा निरखायचा की १६२१ मधलं त्याचं झेब्र्याचं चित्र आजही पट्ट्यांसाठी बघावं. जहांगीराला आधी वाटलं होतं की घोड्यावर कोणी पट्टे रंगवलेत. मन्सूरच्या चित्रात तसा संशय राहत नाही.

दोघंही मोठे. तेव्हा 'पाहिलं तरच काढायचं' हा चित्रकलेचा नियम नाही, तो ताईंचा नियम आहे. एलिमेंट्री-इंटरमिजिएटला बसलेल्या सगळ्यांना आठवत असेल, स्मरणचित्राचा वेगळा पेपर असतो. समोर काही नसताना काढायचं हेही शिकावंच लागतं.

एक मात्र सांगतो. फोटोवरून काढणार असाल तर एका फोटोवरून काढू नका. फोटोत सावली असते, वजन नसतं. माळढोकाचा नर पंधरा किलोपर्यंत भरतो. एवढं ओझं दोन पायांवर तोलणारं पाखरू आहे ते. पाय बारीक काढलेत तर चित्र पडेल. आणि डोळे डोक्याच्या बाजूला घ्या. त्याला समोरचं कमी दिसतं, म्हणून तर विजेच्या तारांवर आदळून मरतात बिचारे.

कडक_भाकरी

बघा! सरांनी पण सांगितलं. ड्यूररला चालतं तर आपल्याला का नाही?

विजापूरवेस

पण त्याच ड्यूररनं गेंड्याच्या अंगावर चिलखताचे पत्रे चढवले आणि मानेमागं एक जादा शिंग बसवलं, हेही सर सांगतील. न पाहता काढलं की असं होतं. आणि लोक दोनशे वर्षं तेच खरं मानून चालले.

पेन्सिल_२बी

खरं आहे. ते छोटं शिंग पाठीवर आहेच. ☺

शेंगाचटणी

चित्रं दाखवा की आधी! नुसतं वर्णन वाचून आमचं पोट कसं भरेल?

गवताळ

चार टाकलीत. धाविक, पंढरपुरी म्हैस, बसलेला बैल उठताना, आणि टिटवी.

खिलारप्रेमी

ताई, मी सांगोल्याचा. घरी चार पिढ्या खिलार आहे. चित्रं लई आवडली. म्हशीचं तर काय सांगावं, शिंगं खांद्याच्या मागं तलवारीगत गेलीत, तसंच असतंय.

पण बैल उठतानाचं चित्र चुकलंय. राग मानू नका. तुमचा बैल पुढचे पाय आधी टेकवून उठतोय. तसा घोडा उठतो. बैल, गाय, म्हैस उठताना आधी मागचा भाग वर घेतात, क्षणभर पुढच्या गुडघ्यांवर असतात, आणि मग एकेक पुढचा पाय टेकतात. बसताना उलटं, आधी पुढचे गुडघे टेकायचे. पहाटे गोठ्यात जाऊन उभं राहा, दहा जनावरं उठताना बघा, एकही चुकत नाही.

आणि मागच्या पायाचं सांगतो. मागं वळलेला जो सांधा दिसतो त्याला लोक गुडघा समजतात. तो गुडघा नव्हे, टाच आहे ती. खरा गुडघा वर पोटाला चिकटून असतो. कातडीखाली लपतो म्हणून कळत नाही. हे एकदा ध्यानात आलं की बैलाचा मागचा पाय कधी चुकणार नाही. बाजारात जनावर घेताना आम्ही दात बघतो, आदत आहे की दोनदाती की जुळलेलं, पण त्याच्या आधी चालवून बघतो. मागचा पाय कसा टाकतो त्यावर अर्धा भाव ठरतो.

वशिंड मात्र झकास काढलंय.

गवताळ

खिलारप्रेमी दादा, राग कसला, मी तुमची प्रतिक्रिया चार वेळा वाचली. तो बैल मी खरंच पाहिला होता, अगदी दहा फुटांवरून. पण चित्र घरी येऊन काढलं. डोळ्यांनी बैल बघितला आणि हातानं घोडा काढला. म्हणजे माझा 'पाहिलं तेच काढायचं' हा नियम मी तिथंच मोडला होता आणि सहा वर्षं मला ते कळलं नाही. काल रात्रीपासून हेच डोक्यात आहे.

वाड्यातली_मनी

मी बारा वर्षं मांजरच काढतेय. एकच. म्हणजे वाड्यात एक मनी होती, आता तिच्या पाचव्या पिढीला काढते. पोरगी झाली तेव्हा दोन वर्षं वही उघडली नाही. मग एके दुपारी पोरगी मांडीवर झोपलेली, हलता येईना, समोर मांजर पण झोपलेलं. एका हातानं वाणसामानाच्या यादीवर काढलं. तिथून परत सुरू झालं.

गवताळताई, तुमची यादी मोठी आहे म्हणून तुम्ही पुढच्या नव्या जनावराची वाट बघत बसता. मला वाट बघावी लागत नाही. तेच मांजर, पण मागच्या महिन्यात त्याच्या कानाची मागची घडी मला पहिल्यांदा दिसली, कानाच्या कडेला असतो तो छोटा खिसा. बारा वर्षांनी! जुन्या जनावरांकडं परत जा की. २१४ आहेत तुमच्याकडं.

ग्राफवाला

हा धागा माझ्या मुलीनं दाखवला. मी एकतीस वर्षं चादरी-टॉवेलची डिझाइनं ग्राफवर उतरवली. मोर, हत्ती, हरीण, वाघ, सगळं चौकोनात. आता बहुतेक काम कॉम्प्युटरवर झालं, तेव्हा हातानं घरं भरायची. एकेक घर म्हणजे एकेक धाग्याचं वर-खाली होणं. त्यावरून भोकांचे पत्ते ठोकायचे, ते मागावरच्या जकार्ड यंत्रावर चढायचे, मग मागावर मोर दिसायचा.

ग्राफवर बाक नसतोच. मोराच्या मानेचा बाक पायऱ्या-पायऱ्यांनी आणावा लागतो. तीन घरं सरळ, एक घर आत, दोन सरळ, एक आत, मग एकेक. कुठं तीनच्या जागी चार पडली की मान मोडल्यासारखी दिसते. कागदावर ते कळत नाही, चादर अंगावर घेतली की कळतं. माझे वडील तेलुगूत म्हणायचे, त्याचा अर्थ असा की डोळा जवळ नेऊन भरायचं आणि उठून दारात जाऊन बघायचं. दिवसातून वीस वेळा मी दारात जायचो.

तुम्ही विचारलं, परत कसं धरायचं. मी रोज संध्याकाळी ओळ पूर्ण करून उठत नव्हतो. अर्धी ओळ सोडायचो, पेन्सिल त्याच घरावर ठेवायचो. सकाळी आल्यावर काय करू हा प्रश्न नाही, बसलं की हात चालू. ओळ पूर्ण करून गेलो त्या दिवशी दुसऱ्या दिवशी चहा, पेपर, गप्पा, अकरा वाजायचे. तुम्ही अकरावी वही पूर्ण भरून बंद केली आणि बारावी कोरी उघडली. अडणारच.

शेंगाचटणी

ग्राफवाले काका, आमच्या आजीच्या ट्रंकेत एक चादर आहे, त्यावर मोर की बदक यावर घरात तीस वर्षं भांडण आहे. आज कळलं भांडणाचं मूळ मानेतल्या एका घरात आहे!

ग्राफवाला

बदकच असेल बाई. लहान मुलांच्या चादरींवर बदकाचं डिझाइन खूप चालायचं. तुरा आहे का बघा.

शेंगाचटणी

तुरा नाही. आजोबा जिंकले.

चाकोतेबाहेर

विषय निघालाच आहे तर, एम. एफ. हुसेन १९१५ चे, जन्म आपल्या पंढरपूरचा. त्यांचे घोडे कुठल्या तबेल्यात बघायला मिळतात? चित्र म्हणजे नोंदवही नव्हे. ताईंनी त्यांच्या मनातला माळढोक काढावा.

पेन्सिल_२बी

हुसेनांच्या घोड्यांच्या माना बघा. आधी खूप घोडे बघितलेल्या हाताशिवाय ती रेघ निघत नाही. मोडतोड नंतरची.

विजापूरवेस

मला आज राहून राहून अरण्यलेखक मारुती चितमपल्ली आठवतायत. जून २०२५ मध्ये गेले. १९३२ साली इथंच सोलापुरात जन्मले आणि शेवटी इथंच आले. वनखात्यात छत्तीस वर्षं. माणूस जंगलात चालायचा, वनमजुरांकडून, फासेपारध्यांकडून, मासेमारांकडून शब्द गोळा करायचा. कावळ्यांच्या वसाहतीला काकागार, बगळ्यांच्या वसाहतीला सारंगागार, हे शब्द मराठीला त्यांनी दिले. त्यांनी सगळं एकट्यानं पाहून लिहिलं नाही, ज्यांनी पाहिलं त्यांना विचारलं.

हे लिहिताना माझ्याच पहिल्या प्रतिक्रियेबद्दल शंका वाटायला लागलीय. पान कोरं ठेवा म्हणालो होतो. दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहिलेलं चालेल का, याचा विचार मी केला नव्हता.

नान्नजकर

रात्री उशिरा लिहितोय, क्षमस्व. चार दिवस हा धागा वाचतोय.

माझे वडील अभयारण्यात वनमजूर होते. आम्ही त्यांना दादा म्हणतो. आता वय शहात्तर. पहाटे मचाणावर जायचे, दुपारी गवतातून फिरायचे. त्या काळी त्यांना एका नजरेत पाच-सहा माळढोक दिसलेत. मी लहानपणी त्यांच्या सायकलवर पुढं बसून जायचो. पावसाळ्यात नर घुमायचा तो आवाज माझ्या कानात अजून आहे. गळ्याखालची पिशवी फुगवून पायांपर्यंत लोंबती सोडायचा, शेपूट पाठीवर घ्यायचा आणि 'हूऽऽम्' करायचा. अर्ध्या किलोमीटरवरून ऐकू यायचं. मला वाटायचं कोणीतरी रांजणात तोंड घालून ओरडतंय.

दादांना मोबाईलवर माळढोकाचे फोटो दाखवले तर ते बघतात आणि बाजूला ठेवतात. म्हणतात, हा उभा आहे नुसता. हल्ली ते विसरायला लागलेत. जेवलो का विचारतात, नातवंडांची नावं चुकतात. पण माळढोक कसा चालतो विचारलं की उठून चालून दाखवतात.

ताई, फोटोवरून नको. दादांकडं या. ते सांगतील, तुम्ही काढा. बार्शी रस्त्यावरच आहे, एसटी स्टँडवरून न्यायला येतो.

वाड्यातली_मनी

जा ताई. याच रविवारी जा.

कडक_भाकरी

जावा की ओ! कशाची वाट बघालाव? मी फोटो म्हणालो होतो, ते मागं घेतो.

खिलारप्रेमी

नान्नजकर, दादांना माझा नमस्कार सांगा.

गवताळ

तीन आठवडे झाले, आज लिहितेय.

रविवारी सकाळी आठला पोचले. दादा ओट्यावर बसले होते. मी नराचं कच्चं चित्र मनाशी धरून गेले होते, काळी टोपी, पांढरी मान, छातीवरचा काळा पट्टा. सगळ्या फोटोंत तोच असतो. दादा म्हणाले, "नर नको. ती काढ." कोण ती, तर मादी. "एकटी आहे ती." मादी नरापेक्षा बरीच लहान, मानेवर करडी झाक, पट्टा असून नसल्यासारखा. माझी तयारी तिथंच संपली.

पहिलं चित्र त्यांनी बघितलं आणि मान हलवली. चोच सरळ काढली होती मी. त्यांनी माझ्या हनुवटीखाली बोट लावून माझंच तोंड जरा वर केलं. "अशी चालते. नाक वर." माळढोक चोच थोडी उचलून चालतो, हे मी वाचलं होतं, पण कळलं तेव्हा. दुसऱ्या चित्रात पायाला मागचं बोट काढलं, कोंबडीला असतं तसं. दादांनी जमिनीवर तीन बोटं टेकवली, तिन्ही पुढं, आणि तळहाताच्या मागं हात झाडून दाखवला, मागं काही नाही. झाडावर बसतच नाही, फांदी धरायला बोट हवंय कशाला!

तिसऱ्या चित्रावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग माझ्या हातातली पेन्सिल घेतली. हात थरथरत होता. पोटाखाली त्यांनी आडव्यातिडव्या पाचसात रेघा मारल्या. मला वाटलं गवत. म्हणाले, "भुईमूग." शेतात भुईमूग असला की टोळ, किडे आणि शेंगा खायला माळढोक उतरायचे, पोटापर्यंत वेलात. त्या रेघांनंतर पाखराला वजन आलं. पेन्सिल सर, तुम्ही म्हणाला होता ते हेच असावं. मग पायांजवळ एक छोटा गोल काढला. अंडं. एकच घालते, उघड्या मातीवर, घरटं नाही.

हे चित्र २१५ वं. त्याखाली मी लिहिलंय: 'मी पाहिली नाही. दादांनी पाहिली.' विजापूरवेस, हे तुमच्या दोन्ही प्रतिक्रियांमधून आलं.

ग्राफवाले काका, त्या दिवशी २१६ वं चित्र अर्धं सोडून उठले. भोवत्या या शिकारी पाखराचा एकच पंख काढला. तो हिवाळी पाहुणा, गेल्या जानेवारीत त्याच माळावर पाहिला होता. दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर चपला काढायच्या आधी दुसरा पंख काढला.

मनीताई, जुन्या वह्याही उघडल्यात.

नान्नजकर

दादा रोज विचारतात, ती चित्रवाली कधी येणार. त्यांना आता तणमोर सांगायचाय. ताई, तुमची पेन्सिल इथंच राहिलीय. दादा ती खिशातून काढून देत नाहीत.

गवताळ

राहू दे त्यांच्याकडं. मी दुसरी आणते. येत्या रविवारी येतेय.

खिलारप्रेमी

ताई, बैल उठतानाचं परत काढलं का?

गवताळ

काढलं दादा. पहाटे पाचला गोठ्यात उभी होते. मागचे पाय आधी.